सौंसरचा संगणक आणि प्रोसेसरचा प्रश्न

गोव्यात ज्याचे घर कौलारू आहे त्याला दर वर्षी मे महिन्यात एक प्रश्न पडतो. यंदा नुसती फुटकी कौले बदलून भागेल की वासे-रिपाही बदलाव्या लागतील? आणि वाशांना हात घातलाच तर आढ्याचे काय? जाणता सुतार अशा वेळी एकदम छपरावर चढत नाही. आधी घरात येतो, भिंतीवरचे ओघळ बघतो, पाणी नेमके कुठे ठिबकते ते घरच्या बाईला विचारतो आणि मग शिडी मागतो.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो. यंत्र मंद झाले की ओघळ कुठे आहे ते न बघता थेट आढ्याला हात घालतो. "प्रोसेसर जुना झाला, बदलून टाका" हे वाक्य मी इतक्या घरांत आणि इतक्या कचेऱ्यांत ऐकले आहे की त्यावर एकदा लिहावे असे बरेच दिवस मनात होते. निमित्त मिळाले ते माझ्या सासुरवाडीचे, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सौंसरचे.

मध्य प्रदेशात मराठी सासुरवाडी कशी, असे आमच्या पणजीतले मित्र अजूनही विचारतात. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागावे, सावनेर मागे टाकावे, राज्याची सीमा ओलांडावी. पाट्या हिंदी होतात, माणसे मराठीच राहतात. सौंसर आणि पांढुर्णा ही दोन्ही गावे संत्र्यांच्या बागांची आणि वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीची. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या मराठी तालुक्यांसकट, मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे आपल्याला गोव्यात वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला निदान कचेरीत पाय ठेवायला जागा दिली. त्यांच्याकडे मराठी राहिली ती घरात, शेतात आणि बायकांच्या गाण्यांत.

त्या गाण्यांचाच या संगणकाशी संबंध आहे.

माझे सासरे शिक्षक होते. २०१२ साली निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी एक डेस्कटॉप घेतला. इंटेलचा आय-थ्री २१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. त्या काळी घरगुती वापराला हे उत्तम यंत्र होते. निवृत्त माणसे भजनात रमतात, हे गृहस्थ भुलाबाईच्या गाण्यांत रमले. भुलाबाई म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भ-खानदेशाकडे मुली गातात तो खेळ. आपल्या धालोंसारखेच हेही बायकांचे, बायकांनी तोंडपाठ ठेवलेले. सासऱ्यांनी सायकलवरून गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून गाणी उतरवून घेतली. कोणी गायले, माहेर कुठले, कोणत्या साली ऐकले, सगळे टिपून ठेवले. रात्री वहीवरून संगणकावर. अशी २११ गाणी. ज्यांनी गायली त्यांतल्या बऱ्याचजणी आता हयात नाहीत.

पुढे धाकट्या मेहुण्याने सौंसरला ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचे आणि झेरॉक्सचे दुकान काढले. घरात असलेला संगणक दुकानात गेला. दिवसा शाळा-कॉलेजचे प्रवेश, दाखले, वीजबिले; रात्री दुकान बंद झाल्यावर सासऱ्यांची गाणी. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ वर नव्या आवृत्त्या देणे थांबवले, तेव्हा त्याच यंत्रावर विंडोज १० चढले. आणि तिथून रडगाणे सुरू झाले.

२०२५ च्या दिवाळीला आम्ही सौंसरला गेलो. पहिल्या दिवशी चहा संपायच्या आत मेहुण्याने विषय काढला.

"भाऊजी, कॉम्प्युटर गजब स्लो चालून राह्यला. गिऱ्हाईक उभं राह्यते अन् हा गोल गोल फिरत राह्यते. पांढुर्ण्याचा एक जण म्हणते, आय-सेव्हन टाकून देतो, जुनाच, पण फर्स्ट क्लास. टाकून टाकू काय?"

सासरे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, मशीनचं काय करायचं ते तुमी दोघं पाहा. पण माह्या वह्या त्याच्यात हायेत. त्याले हात लागला नाही पाह्यजे."

पांढुर्ण्याची गोटमार वाचकांनी ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि एका तीरावरून पांढुर्णावाले, दुसऱ्यावरून सावरगाववाले एकमेकांवर दगड फेकतात. दर वर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेलेले आहेत, तरी प्रथा सुटत नाही. आमच्या घरातली गोटमार शब्दांचीच होती, पण मधोमध रोवलेला झेंडा हा प्रोसेसर होता. मुलाला पोटापाण्यासाठी यंत्र वेगवान हवे होते. बापाला ते आहे तसे हवे होते. आणि दोघांनी मला पंच नेमले होते.

मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने कारकून. पण कारकुनाला एक गोष्ट येते. कोणताही खर्चाचा प्रस्ताव आला की आधी विचारायचे, गरज नेमकी काय, आहे त्यात भागते का, आणि हा खर्च किती दिवस पुरेल? या तीन प्रश्नांवर माझी अर्धी नोकरी गेली आहे. तेच तीन प्रश्न मी कागदावर लिहिले आणि दुकानात जाऊन बसलो.

पहिला प्रश्न, गरज काय. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तिघांवर त्या क्षणी किती भार आहे ते टक्क्यांत दिसते. हा आपल्या सुताराचा ओघळ. मेहुण्याला सांगितले, तू रोजचे काम कर, मी नुसता बघतो. यंत्र सुरू होताना डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर तिशीच्या आसपास. ब्राउझरमध्ये दोन-तीन फॉर्म उघडले की मेमरी नव्वदच्या पुढे, डिस्क पुन्हा शंभर, प्रोसेसर निवांत. फक्त मोठ्या स्कॅन केलेल्या कागदांची पीडीएफ बनवताना प्रोसेसर काही सेकंद शंभरावर गेला आणि खाली आला.

म्हणजे गिऱ्हाईक उभे राहायचे ते डिस्कमुळे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई माहिती जिथे असेल तिथे सरकते. प्रत्येक सरकण्याला मिलिसेकंदांत दहा-पंधरा लागतात. ऐकायला कमी वाटते, पण विंडोज १० सुरू होताना अशा हजारो खेपा मारते. त्यात रॅम अपुरी असली की न मावणारी माहितीही डिस्कवरच ठेवली जाते, म्हणजे खेपा दुप्पट. एसएसडीत फिरणारे काही नाही, तिचे उत्तर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. अशा यंत्रात आय-सेव्हन बसवणे म्हणजे कचेरीत मोठा साहेब आणायचा आणि नस्त्या मात्र तळघरातून आणणारा शिपाई एकच ठेवायचा. साहेब कितीही हुशार असला तरी नस्ती येईपर्यंत बसूनच राहणार.

दुसरा प्रश्न, आहे त्यात भागते का. या मदरबोर्डवर इंटेलचा एच-६१ चिपसेट आहे. रॅमच्या दोन खाचा, त्यांतली एक रिकामी. डिस्कची जोडणी जुन्या, मंद पद्धतीची असली तरी एसएसडी त्यावर बिनतक्रार चालते आणि फरक डोळ्यांना दिसतो. तेव्हा ४ जीबी रॅम आणखी एक आणि एक साधी एसएसडी, इतक्यात मंदपणाचे बहुतेक निवारण होणार हे स्पष्ट होते.

मग प्रोसेसर का नको? वाढीव वेग कोणाला नको असतो? इथे तिसरा प्रश्न येतो, हा खर्च किती दिवस पुरेल.

मेहुण्याला हे समजावताना मला त्याच्याच गावची गाडी आठवली. नागपूर ते छिंदवाडा नॅरोगेज रेल्वे सौंसरवरून जायची. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचे १६७६. नागपूर स्टेशनात कितीही दमदार इंजिन उभे असले तरी ते या रुळांवर चालणार नव्हते. म्हणून २०१५ मध्ये ती लाईन बंद करून रूळच बदलायला घेतले आणि मग ब्रॉडगेजची गाडी आली. प्रोसेसर आणि मदरबोर्डचेही तसेच आहे. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो ते त्याचे रूळ. सासऱ्यांच्या यंत्रातले सॉकेट ११५५ हे २०११ चे. त्यावर चालणारे शेवटचे चांगले इंजिन म्हणजे २०१२ चा आय-सेव्हन ३७७०. त्यापुढचे काहीही बसत नाही. २०१३ ला ११५० आले, २०१५ ला ११५१, २०२० ला १२००, २०२१ ला १७००. म्हणजे पांढुर्ण्याचा तो गृहस्थ जे देणार होता ते या रुळांवरचे शेवटचे स्टेशन होते.

बरे, तेही सुखासुखी नाही. इतक्या जुन्या बोर्डावर २०१२ चा प्रोसेसर बसवायचा तर बऱ्याचदा आधी बायोस अद्ययावत करावा लागतो, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. दुकानातला यूपीएस तर बंद पडलेला. शिवाय आय-थ्री २१०० ची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट, आय-सेव्हन ३७७० ची ७७. तेरा वर्षे चाललेल्या पॉवर सप्लायवर हा भार टाकायचा, तोही सौंसरच्या मे महिन्यात.

पण सगळ्यांत मोठे कारण वेगळेच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, म्हणजे आमच्या दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव सुरक्षा-सुविधा जाहीर झाली, पण ती मुदतवाढ म्हणजे मुदतवाढच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीपही लागते. आय-सेव्हन ३७७० तिसऱ्या पिढीचा. आडमार्गाने विंडोज ११ चढवणारे आहेत, पण ज्या दुकानात रोज लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके आणि पोरांच्या गुणपत्रिका येतात तिथे आडमार्ग बरा नव्हे. आपला विश्वास टाकून माणूस काउंटरवर कागद ठेवतो. त्या विश्वासाची किंमत मेहुण्याला माझ्यापेक्षा जास्त कळते, कारण गाव लहान आहे.

म्हणजे प्रोसेसर कधीच बदलू नये का? तसे नाही. आमच्याच कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडे २०१८ ला घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात एएमडीचा रायझन ३ १२०० होता, सॉकेट एएम-४. हा प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नाही. पण एएम-४ हे सॉकेट २०१७ पासून बरीच वर्षे चालले आणि बायोस अद्ययावत केला की त्या पिढीच्या पुष्कळ बोर्डांवर २०२२ चा रायझन ५ ५६०० सुद्धा बसतो. त्याने तेवढाच बदलला. व्हिडिओ जोडण्याचे काम करतो, त्यात प्रोसेसर कायम शंभरावर असायचा. एका बदलात वेगही आला आणि विंडोज ११ ही आले. तिथे रूळ ब्रॉडगेजचे होते, इंजिन तेवढे जुने होते.

आणि नावावर जाऊ नये. इंटेलचे ११५१ हे सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीलाही आहे आणि आठव्या-नवव्या पिढीलाही, पण सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. खाच तीच, आत गाडी वेगळी. विकत घेण्यापूर्वी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती वाचावी. कारकुनी सवय म्हणा, पण परिपत्रक वाचल्याशिवाय खर्च करू नये.

थोडक्यात माझे गणित असे. काम अडते त्या क्षणी प्रोसेसरच शंभरावर असला, बोर्डावर बसणारा नवा प्रोसेसर पुढच्या चार-पाच वर्षांच्या विंडोजला चालणारा असला, आणि खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असला, तर प्रोसेसर बदलावा. तिन्हींतले एक जरी नसले तर पैसे राखून ठेवावेत.

आता वह्यांची गोष्ट. प्रोसेसर सहसा मरत नाही. वीस वर्षांपूर्वीचे प्रोसेसर अजून चालतात. मरते ती डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, तो डिस्कची नाडी बघतो. तो चालवला तर निळ्याऐवजी पिवळी पाटी आली, म्हणजे डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले होते. बापलेक प्रोसेसरवरून भांडत होते आणि २११ गाणी ज्या तबकडीवर होती ती शांतपणे झिजत होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती. त्याच संध्याकाळी मी सगळे फोल्डर दोन पेनड्राईव्हवर उतरवले. एक सासऱ्यांच्या कपाटात, एक माझ्या बॅगेत.

तेवढ्याने भागले नाही. पेनड्राईव्ह बायकोच्या लॅपटॉपवर उघडला तर पडद्यावर गाणी नव्हती, इंग्रजी अक्षरांचा कचरा होता. सासऱ्यांचा चेहरा उतरला. कारण साधे होते. त्यांनी सगळे कृतिदेव फॉन्टमध्ये टंकले होते. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरे इंग्रजीच असतात, त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवलेला असतो. 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच असा साठवलेला असतो. अंगरखा निघाला की आतले इंग्रजी उघडे. नवे यंत्र आणले असते, जुने भंगारात दिले असते, आणि फॉन्ट कोणता होता हे सांगणारे माणूस उरले नसते, तर?

म्हणून दिवाळीचे तीन दिवस आमच्या घरी खरे अपग्रेड झाले ते युनिकोडचे. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण ती चुका करतात. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफार भलतीकडे जातो. आणि बोलीतले शब्द कोणत्याच शब्दकोशात नसल्याने यंत्र काही सांगू शकत नाही. मग सासरे वहीतून मोठ्याने वाचायचे, बायको पडद्यावर दुरुस्त करायची. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, "बाबा, हे असं नाही, आजी वेगळं म्हणायची." मग दोन्ही पाठ नोंदले जायचे. फराळाचे ताट बाजूला तसेच राहायचे. साठ-एक गाणी झाली, बाकीची फोनवरून चालली आहेत.

निर्णय असा झाला. जुन्या यंत्रात एसएसडी आणि रॅम घातली, खर्च पांढुर्ण्याच्या आय-सेव्हनपेक्षा फारसा जास्त आला नाही. पूर्वी सुरू व्हायला मेहुणा बटण दाबून झाडू मारून घ्यायचा, आता झाडू हातात घेईपर्यंत पडदा तयार असतो. ते यंत्र घरी गेले आणि आता सासऱ्यांच्या ताब्यात आहे. इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे. दुकानासाठी प्रवेशांचा हंगाम सुरू होण्याआधी विंडोज ११ ला चालणारे वेगळे यंत्र घ्यायचे ठरले. मेहुणा थोडा हिरमुसला, कारण आय-सेव्हन हा शब्द त्याने मित्रांना सांगून ठेवला होता. "भाऊजी, नाव तरी मोठं झालं असतं," म्हणाला. मी म्हटले, नाव दुकानाच्या पाटीवर मोठे कर.

हे सगळे सौंसरचे म्हणून सांगितले, पण मला काळजी आपल्या गावांची वाटते. आपल्याकडे देवळांच्या भजनी मंडळांचे संग्रह आहेत, गावोगावच्या हौशी नाटकांच्या संहिता आहेत, कुणाच्या आजीने सांगितलेले धालो-फुगड्या आहेत, निवृत्त भाटकारांनी आणि शिक्षकांनी टंकलेले गावांचे इतिहास आहेत. यातले कितीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपवर, श्रीलिपी नाहीतर अशाच कुठल्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. तो दर्जा दिल्लीहून आला. आपल्या डिस्कवरचे मराठी वाचवायला मात्र दिल्लीहून कोणी येणार नाही.

तेव्हा वाचकहो, घरातला जुना संगणक मंद झाला असेल तर प्रोसेसरचा भाव विचारण्याआधी एवढे करा. त्यात काय काय आहे त्याची यादी करा, दोन प्रती काढा, फॉन्ट कोणता ते कागदावर लिहून ठेवा, आणि ज्यांनी ते टंकले त्यांना शेजारी बसवून एकदा वाचून घ्या. प्रोसेसर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल.